निळीची वही

१

गुरुवारी सकाळी दहा वाजता कपाट उघडलं, तेव्हा आत दोनच वह्या होत्या. लाल आणि पिवळी. निळी गेली होती.

ही १९५८ सालची गोष्ट. मद्रासला अड्यार नदीच्या काठी विणकरांच्या एका सहकारी संघाचा रंगखाना होता, आणि तिथे मी केमिस्ट म्हणून लागून सात महिने झाले होते. मी पुण्याचा. निघताना आईने निळ्या कापडाचा एक तागा घेऊन त्याचे चार बुशशर्ट शिवून दिले होते. आठवडाभर मी तेच आलटूनपालटून घालायचो. रंगखाना म्हणजे नारळाच्या बागेतली एक लांबलचक कौलारू पडवी होती. पुढे विहीर, आणि झाडाझाडांना बांधलेल्या दोऱ्यांवर सुताच्या ओल्या लडी. समुद्राचा वारा सुटला की त्या सगळ्या एकदम हलत. त्या लडींखालून चालताना अंगावरून रंगीत सावल्या सरकत जात, आणि आपण जागे आहोत की नाही असं वाटायचं.

वह्या सेतुमाधवरावांच्या होत्या. सगळे त्यांना मास्तर म्हणत. तंजावरकडचे मराठी, वय पासष्टच्या आसपास. चाळीस वर्षांत त्यांनी रंगवलेल्या प्रत्येक छटेचा सुताचा गोंडा त्या वह्यांत टाचलेला होता. डाव्या पानावर झाडापाल्याचा रंग, उजव्या पानावर त्याच्याशी जुळवलेला डब्यातला, विलायती पावडरीचा. कोणत्या मुळीला किती उकळायचं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते मास्तरांच्या डोक्यात होतं.

निळ्या वहीतली एकेचाळीस नंबरची छटा आमच्या नशिबी आली होती. दिल्लीच्या एका सरकारी अतिथिगृहाच्या पडद्यांसाठी तीच मागितली होती, आणि आम्ही पाठवलेला माल दोनदा परत आला होता. 'फार गडद,' एवढाच शेरा. शनिवारी कमिटी बसणार होती. परत आलेलं कापड वहीशी ताडून पाहायचं आणि चूक कोणाची ते ठरवायचं. माझ्या कागदावरच्या प्रमाणांची, की मास्तरांच्या नजरेची?

आणि गुरुवारी वहीच नाहीशी झाली.

सेक्रेटरी नारायणस्वामी राव कपाटापुढे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काल संध्याकाळी शेवटी तुम्हीच होता ना, उमाकांत?"

मी हो म्हणालो. ते खरंच होतं.

२

नारायणस्वामींना पोलीस नको होते. त्यांनी आपल्या मावशीला बोलावलं.

त्रिपुरसुंदरीबाई दुपारी एग्मोरहून बसने आल्या. यजमान वारल्यावर रेल्वेने त्यांना नोकरी दिली होती आणि हरवलेल्या मालाच्या कचेरीत त्यांनी अठरा वर्षं काढली होती. ठेंगण्या, शांत, बोलताना मान किंचित कलती ठेवायच्या. सगळे त्यांना सुंदरीअक्का म्हणत.

कपाटाला कुलूप होतं, पण किल्ली मास्तरांच्या खुर्चीमागे खिळ्याला टांगलेली असायची आणि ते सर्वांना माहीत होतं. अक्कांनी किल्लीकडे पाहिलंच नाही. त्यांनी रिकामी जागा पाहिली.

"वहीस कापडाचं वेष्टण होतं काय?"

"होतं. आणि आत कडुलिंबाचा पाला," मी म्हणालो. "कसर लागू नये म्हणून."

"तेही नाही. चोर पाल्यासकट घेऊन गेला." त्या स्वतःशीच म्हणाल्या, "फार जपून नेली."

मग त्या मास्तरांपाशी जाऊन बसल्या. मास्तर पडवीच्या पायरीवर होते. समोर सुब्बा, रंगाच्या नांदीवर काम करणारा आमचा रंगारी, लडी पिळत होता.

"मास्तर, वही कोण घेईल?"

"गेली तर गेली वो, अक्का." मास्तरांचा आवाज अगदी सपाट होता. "तिच्यात आता काय होतं?"

"चाळीस वर्षांचं काम होतं."

"सरी. होतं." 'बरं' म्हणायला त्यांचा हा तमिळ शब्द असे. "पण राखाडीसाहेबांवर आळ घेऊ नका. त्यांनी नाही घेतली."

राखाडीसाहेब म्हणजे मी. हे नाव त्यांनी मला दुसऱ्याच आठवड्यात ठेवलं होतं. मी पुस्तकी माणूस, माझ्यात रंग नाही, असा त्यातला टोमणा आहे असं मी धरून चाललो होतो, आणि तो मला लागायचाही.

"त्यांनी नाही घेतली हे तुम्हांस कसं ठाऊक?"

"त्यांस नीळ आवडत नाही. न आवडणारी वस्तू माणूस कशास नेईल?"

अक्का हसल्या. मला हसू आलं नाही. कारण आत ऑफिसात मास्तरांची मुलगी, आमच्याकडे टायपिस्ट असलेली वसंता, टाइपरायटरवर आपला जबाब टाइप करत होती. कोणी न सांगताच तिने तो लिहायला घेतला होता. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता, निघण्यापूर्वी, तिने कपाटात तिन्ही वह्या पाहिल्या होत्या. लाल, पिवळी, निळी, अशा क्रमाने. निळीच्या वेष्टणाची गाठ वरच्या बाजूला होती.

पाच वाजता मास्तर घरी पोचलेले होते. ते चारच्या बसने गेले, हे सर्वांनी पाहिलं होतं. पाचनंतर रंगखान्यात राहिलेला माणूस एकच होता, आणि तो जबाब मी माझ्या हातांनीच नारायणस्वामींकडे नेऊन दिला.

३

संध्याकाळी अक्का मला म्हणाल्या, "चल, नदीपर्यंत फिरून येऊ." त्यांनी मला एकेरी म्हणायला सुरुवात केली होती. ते चांगलं लक्षण की वाईट, कळेना.

ओहोटी होती. पाणी इतकं मंद वाहत होतं की एक तुटकी झावळी एकाच जागी तरंगत असल्यासारखी दिसत होती. पलीकडच्या काठावर धोब्यांची वाळत घातलेली कापडं उजेडात विरघळून गेली होती.

"आमच्या कचेरीत माणसं येत," अक्का म्हणाल्या. "कोणाची ट्रंक हरवलेली, कोणाचा वीणा. ज्याचं खरंच हरवलंय त्यास काही नीट आठवत नसे. कुलूप होतं की नव्हतं, हेदेखील. जो बनावट दावा घेऊन येई, त्यास गाठ कोणत्या बाजूस होती ते ठाऊक असे."

मी थांबलो.

"वसंता खोटं बोलते असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मज वाटतं. वाटून काय उपयोग? काल संध्याकाळी तू काय करत होतास ते सांग."

"हळद आणि डाळिंबाच्या सालीचे नमुने पाहत होतो. साबणाच्या पाण्यात किती टिकतात ते."

"कशाशी ताडून?"

"पिवळ्या वहीशी," मी म्हणालो, आणि एकदम लक्षात आलं. पिवळी वही तीन वाजल्यापासून सहापर्यंत माझ्या टेबलावर होती. वसंताने पाच वाजता कपाटात तीन वह्या पाहिल्या असणं शक्यच नव्हतं.

अक्कांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "तीन वाजता पिवळी काढलीस, तेव्हा निळी होती?"

"आठवत नाही. खरंच आठवत नाही."

"डोळे मीट. हातास विचार."

मी डोळे मिटले. कपाटाचा खण अरुंद होता. तीन जाड वह्या त्यात दाटीने बसत. मधली पिवळी काढायची तर एका हाताने बाकीच्या दोन धरून ठेवाव्या लागत. बुधवारी मी काय केलं? माझ्या डाव्या हातात बीकर होता. मी एकाच हाताने वही काढली होती, आणि ती अलगद आली होती.

"नव्हती," मी म्हणालो. "तीनच्या आधीच गेली होती."

"म्हणजे दुपारी, तू नसताना."

मी बारा ते तीन पार्सल सोडवायला स्टेशनवर गेलो होतो. सगळे जेवायला पांगले होते. त्या वेळी बाहेरून एकच माणूस आला होता, असं पहारेकरी म्हणाला. विलायती रंगांचा दलाल जनकोजी. त्याच्या काखेत एक चौकोनी गठ्ठा होता.

४

जनकोजीचं दुकान जॉर्ज टाउनमध्ये, बंदराच्या बाजूच्या गल्लीत होतं. शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. दाराशी हातगाड्यांचा गोंगाट, आणि आत शिरलं की एकदम शांतता. छपरापर्यंत रचलेले पत्र्याचे डबे, आणि झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी रंगाची धूळ, जांभळी, गुलाबी. जनकोजीच्या पांढऱ्या मिशाही टोकाला किंचित गुलाबी होत्या.

त्याच्याबद्दल मला संशय होताच. माल गडद आला तो पावडरीच्या दोषाने आला असेल, तर वही नाहीशी होण्यात त्याचा फायदा होता.

"ह्याच लॉटचे डबे मी कांचीपुरमला दिले, सेलमला दिले," तो म्हणाला. "कोणाची तक्रार नाही. पत्ते देतो, विचारून घ्या."

"तुमच्या काखेत काय होतं बुधवारी?" अक्कांनी विचारलं.

त्याने गठ्ठा काढून पुढे टाकला. नमुन्यांची छापील कार्डं होती. "नवे रंग आलेत. मास्तरांस दाखवायचे होते."

"दाखवलेत?"

"नाही."

"का?"

जनकोजीने बसल्या जागी पाय आखडून घेतले. तो बडबड्या माणूस, पण आता शब्द शोधू लागला.

"मी मागच्या बाजूनं गेलो. मागे ते पुरलेले रांजण आहेत ना, जुन्या निळीचे, तिथं. भर उन्हात मास्तर मांडीवर वही घेऊन बसले होते. एकेक पान उलटत होते. पान उन्हात धरायचे, डोळ्यांपाशी न्यायचे, पुन्हा उन्हात धरायचे. रडत होते. मी परत फिरलो. माणूस रडत असला की त्यास माल दाखवू नये."

हातगाडीवाले बाहेर कोणावर तरी ओरडत होते. मला ते फार लांबून ऐकू येत होतं.

"कोणती वही?" अक्कांनी विचारलं.

"निळी."

५

बसमध्ये मी म्हणालो, "म्हणजे स्वतःची चूक झाकायला मास्तरांनी वही लपवली, आणि वसंता त्यांना वाचवायला खोटं बोलली."

"वसंताचं तसंच असेल. तिनं बापास वही नेताना पाहिलं असावं. पण चूक झाकणारा माणूस वही उचलतो आणि लपवतो. तो उन्हात बसून पानं का उलटेल? रडेल कशास?" अक्का खिडकीबाहेर पाहत होत्या. "आणि तुझ्यावर आळ घेऊ नका असं का म्हणेल?"



रंगखान्यात पोचल्यावर त्या थेट सुब्बापाशी गेल्या. सुब्बाचे हात कोपरापर्यंत निळे होते, ते सुट्टीतही तसेच राहत. त्याने नांदीतून एक लड वर काढली. निळीतून निघालेलं सूत आधी हिरवट-पिवळं असतं. वारा लागला की आपल्यादेखत निळं होत जातं. कितीदाही पाहिलं तरी मला ते खरं वाटायचं नाही.

"सुब्बा, एकेचाळीस नंबरास किती बुड्या देतोस?"

"निळं होईपर्यंत, अम्मा."

"साहेबांच्या कागदावर काय आहे?"

"चार." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पडवीच्या टोकाला बसलेल्या मास्तरांकडे. त्याचा आवाज खाली आला. "चौथ्या बुडीस होतं निळं. तुम्हांस दिसेल, मज दिसेल. मास्तर म्हणतात, अजून नाही, अजून दे. सातव्या बुडीस म्हणतात, झालं."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"लाल, पिवळ्यास असं होतं?"

"कधीच नाही. तिथं त्यांची नजर तशीच आहे."

हे मला सात महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. माझे सगळे हिशेब नांदीपर्यंत येऊन संपत होते.

अक्कांनी वसंताला बोलावलं, नारायणस्वामींना बोलावलं आणि मास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, वही तुम्ही अंधारात ठेवली असणार. उन्हानं आणखी विटू नये म्हणून. होय ना?"

मास्तरांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कोणीतरी विचारलं याचं समाधान असावं. ते उठले आणि मागच्या बाजूला चालू लागले. आम्ही लडींखालून त्यांच्यामागे गेलो. डब्यातली नीळ आल्यापासून ते जमिनीत पुरलेले रांजण कोरडेच पडून होते. सुब्बाने एकावरचं झावळ्यांचं झाकण उचललं. आत वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यावर, वेष्टणात बांधलेली वही होती.

मास्तरांनी एकेचाळीस नंबरचं पान उघडलं.

"पाहा," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी लोकांस सांगत आलो, डब्यातली नीळ विटेल, झाडाची विटणार नाही. बुधवारी म्हटलं, कमिटीपूर्वी एकदा पाहावी. सगळी पानं राख. डावं पान राख, उजवंही राख. शनिवारी सगळे पाहतील आणि म्हणतील, हीच काय तुमची नीळ? म्हणून पुरली."

मी पानाकडे पाहिलं. संध्याकाळी चांदणी उगवायच्या जरा आधी आभाळ असतं, तसा निळा होता तो. डावीकडचा थोडा मऊ, उजवीकडचा थोडा करकरीत. दोन्ही जिवंत. एक धागाही विटलेला नव्हता.



"मास्तर," अक्का अगदी हळू म्हणाल्या, "उमाकांतच्या शर्टाचा रंग कोणता?"

"राखाडी. रोजचाच."

"अप्पा," वसंता म्हणाली. "निळा आहे तो."

मास्तर माझ्या शर्टाकडे पाहत राहिले. मग वहीकडे. मग आमच्या एकेकाच्या तोंडाकडे, जणू तिथे काही लिहिलेलं होतं.

अक्का त्यांच्यापाशी जमिनीवर बसल्या. आपल्या सासूबाईंना असंच झालं होतं, असं त्या सांगू लागल्या. मोतीबिंदू पिकू लागला की डोळ्यांवर मधासारखा पिवळा पडदा येतो. तो इतका सावकाश येतो की माणसाला कळत नाही. लाल दिसतं, पिवळं दिसतं. निळं तेवढं अडतं आणि राखेसारखं दिसतं. मास्तरांनी नांदीतला निळा राखाडी पाहिला, म्हणून तो सात बुड्यांपर्यंत वाढवला. माझ्या शर्टाला राखाडी म्हणाले, ते तर त्यांच्या दृष्टीने सरळ सत्यच होतं. चोराने लाल, पिवळ्या वह्या का सोडल्या, तेही यातच आलं. त्या मेलेल्या नव्हत्या.

मास्तरांनी बहुतेक काही ऐकलं नसावं. ते पानावरून बोट फिरवत होते.

"म्हणजे आहे ती?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

"सगळी?"

मी पानं उलटत गेलो. प्रत्येक पानावर ते थांबले, आणि प्रत्येक पानावर मी म्हणालो, "आहे." सदुसष्ट पानं होती. शेवटी ते रांजणाच्या काठाला टेकून बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. डोळे गेल्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. नीळ मेली नव्हती.

६

शनिवारी अक्कांनी कमिटीपुढे सगळं सांगितलं, अगदी साध्या शब्दांत. वसंताने आपला जबाब सर्वांसमोर फाडला आणि मला म्हणाली, "मी तुम्हांस बुडवणार होते." मी म्हणालो, मास्तरांच्या जागी माझे वडील असते तर मीही तेच केलं असतं. ते खरं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. चार बुड्यांचा नवा माल दिल्लीला गेला आणि परत आला नाही.

मास्तरांचं ऑपरेशन एग्मोरला डोळ्यांच्या इस्पितळात झालं, आधी उजव्या डोळ्याचं. त्या काळी दहा दिवस पट्टी असे आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत, मान हलू नये म्हणून. मी रोज कामावरून सुटलो की तिकडे जायचो. दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "साहेब, कागद आहे काय?" आणि वहीत जे कधीच लिहिलं गेलं नव्हतं ते त्यांनी सांगायला सुरुवात केली. लाल रंगासाठी सायवेरची मुळी कोणत्या गावच्या वाळूतली घ्यायची, निळीच्या नांदीला आंबट वास कसा यायला हवा, डाळिंबाची साल किती वेळ भिजवायची. डोळे बांधलेले, मान स्थिर, आणि आवाज झोपेतून आल्यासारखा. मी लिहीत गेलो. मध्येच वाटायचं की खोलीत रंग भरत चालले आहेत आणि ते फक्त त्यांनाच दिसत आहेत.

दहाव्या दिवशी पट्टी निघाली. चष्मा मिळायला अजून वेळ होता. सगळं धूसर दिसतंय, म्हणाले. ते खिडकीकडे तोंड करून बसले. समोर इस्पितळाच्या आवाराची भिंत होती. नुकतीच चुन्याने रंगवलेली, पांढरी शुभ्र. वसंता त्यांच्यासाठी इडलीची पुडी सोडत होती.

"त्या भिंतीत नीळ आहे," मास्तर म्हणाले.

आम्ही पाहिलं. भिंत पांढरी होती. वसंताने माझ्याकडे पाहिलं, आणि बाप पुन्हा रंग चुकतोय ही भीती तिच्या डोळ्यांत आली.

मी खाली उतरलो. भिंतीच्या टोकाला एक म्हातारा रंगारी चुन्याच्या बादलीत कुंचला बुडवत होता. माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी त्याला विचारलं, चुन्यात काही घातलंय का?

त्याने बादली माझ्यापासून जरा दूर सरकवली.

"नीळ. चिमूटभरच," तो म्हणाला. "पण ते दिसत नाही कोणाला."